प्रतीकवादी वळणाचं मुलीचं तैलचित्र: गूढपणा टोनमधून कसा आणायचा

फर्नांड नॉफ या बेल्जियन प्रतीकवादी (दिसणाऱ्या वस्तूपेक्षा सूचित अर्थाला महत्त्व देणाऱ्या) चित्रकाराचं १८८५ मधलं 'जान केफेर' हे चित्र आधी नीट बघा. कॅनव्हास चौकोनी, ८० बाय ८० सेंमी. बंद दारासमोर एक चिमुरडी उभी, अंगठ्याने कोटावरच्या फितीची कडा धरलेली. कवटी, साप, कमळ यांतलं काहीही नाही, तरी चित्र अस्वस्थ करतं. नवशिके नेमके इथेच चुकतात, प्रतीकांची गर्दी करून ठेवतात.

सरावाला ६० बाय ६० सेंमीचा कॅनव्हास पुरे. चौकोनामुळे उभ्या आकृतीच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा उरते आणि मूल एकटं वाटतं. दाराच्या उभ्या-आडव्या रेषा पट्टीने आखा, मुलगी मात्र हातानेच काढा. पाच वर्षांच्या मुलीची उंची साधारण साडेपाच ते सहा डोकी भरते. डोळे डोक्याच्या मध्यावर नाही, त्याखाली येतात. ते वर सरकले की मुलीची बुटकी बाई होते! तुमची नजर तिच्या उंचीला आणा. उभं राहून खाली बघत काढलंत तर चित्र घरगुती फोटोसारखं दिसेल.

कॅनव्हासवर रॉ अंबर (मातकट तपकिरी रंग) टर्पेंटाइनमध्ये पातळ करून पुसट हात द्या. तो वाळला की रॉ अंबर आणि पांढऱ्यात पूर्ण अंडरपेंटिंग (रंगांखालचा एकरंगी थर) करा. इथे आयव्हरी ब्लॅक हा काळा नको. त्यात तेल जास्त, वाळायला वेळ लागतो, आणि वरचा थर आधी वाळला की तडे जातात.

खरी मेहनत टोनची, म्हणजे रंगाच्या उजळ-गडदपणाची. काळ्याला १ आणि पांढऱ्याला ९ धरलं, तर जवळजवळ सगळं चित्र ४ ते ७ मध्ये बसवा. डोळ्यांतल्या बाहुल्यांना २, कॉलरच्या कडेला ८, बस्स. कडाही तशाच: केस आणि कोट कोरड्या मऊ ब्रशने पार्श्वभूमीत विरवा, धार फक्त डोळ्यांत आणि बोटांत ठेवा. दात दाखवणारं हसू आलं की सगळं मुसळ केरात.

अंडरपेंटिंग हाताला चिकटेनासं झालं की रंग चढवा: पांढरा, यलो ऑकर, लाइट रेड (मातकट लाल), टेर व्हर्ट (मातकट हिरवा), अल्ट्रामरीन (निळा), आणि आता थोडा आयव्हरी ब्लॅक. काळ्या-पांढऱ्याचा करडा त्वचेशेजारी निळा दिसतो. तसा हवा असेल तर निळा वेगळा घालूच नका. प्रत्येक वरच्या थरात जवसाचं तेल आधीच्यापेक्षा किंचित जास्त. गालांवरची लाली शेवटी, लाइट रेडच्या पातळ ग्लेझने (पारदर्शक थराने), आणि बोटाने निम्मी पुसून.

अंबरचे भाग वाळल्यावर मेलेले, निस्तेज दिसतात. तिथे गडद रंग थापू नका. पूर्ण वाळलेल्या जागी तेलाचा थेंबभर हात फिरवून कापडाने पुसा, मूळ टोन परत येतो. ही तेलकट फडकी चुरगाळून टाकू नका, आपोआप पेट घेतात, पसरून वाळवा. वॉर्निश सहा महिन्यांनंतरच, आणि शक्यतो मॅट.