डिफरन्शियल ऑइल: आधी आत कुठला डिफ आहे ते बघा, या चुका टाळा

मित्राच्या स्पोर्ट्स कारमधून एकदा पार्किंगच्या रॅम्पवरून हळूहळू वर जात होतो, स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं, आणि मागून कट्-कट्-कट् असा आवाज यायला लागला, नुसता आवाज नाही तर सीटच्या खालपर्यंत थरथर जाणवत होती. सरळ रस्त्यावर एकदम शांत, वळलं की परत सुरू. त्याला कोणीतरी सांगून मोकळं झालेलं की डिफ (डिफरन्शियल, वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच) गेला, उतरवून रिबिल्ड करावा लागेल. मी विचारलं की ऑइल कधी बदललंस, तर म्हणे पंधरा दिवसांपूर्वी. बिल काढून बघितलं तर त्यावर लिहिलेलं ‘गिअर ऑइल ७५डब्ल्यू-९०’, बास. नंबर, म्हणजे जाडीचा ग्रेड, बरोबर होता, पण त्या गाडीत क्लचवाला एलएसडी (लिमिटेड स्लिप डिफ, एकच चाक मोकळं फिरत राहू न देणारा) होता आणि त्याला लागणारा फ्रिक्शन मॉडिफायर (ऑइलमध्ये टाकायचं घर्षण कमी करणारं द्रव) कोणी टाकलाच नव्हता. ती छोटी बाटली टाकली, मोकळ्या जागेत हळू स्पीडला इंग्रजी आठच्या आकारात गाडी फिरवली, आणि थोड्या वेळात आवाज गेला. काहीही उतरवावं लागलं नाही.

हे एवढ्यासाठी लिहितोय की डिफच्या ऑइलमध्ये होणाऱ्या बहुतेक चुका एकाच ठिकाणाहून येतात, लोक डब्यावरचा नंबर बघतात आणि आत कुठला डिफ आहे ते बघतच नाहीत.

आत काय आहे ते आधी कळू द्या

ओपन, म्हणजे साधा डिफ असेल तर विषय सोपा, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचं जीएल-५ ऑइल (जीएल म्हणजे काय ते खाली येतंच) भरा आणि पुढे चला. एलएसडी आला की गोष्ट बदलते, आणि एलएसडी म्हणजे एकच वस्तू नाही हे कृपया लक्षात घ्या.

क्लचवाल्या एलएसडीत साइड गिअरच्या मागे प्लेट्सचा गठ्ठा असतो. वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी, त्यामुळे त्या प्लेट्सना एकमेकींवरून सरकावं लागतं. साध्या ऑइलमध्ये त्या सलग सरकत नाहीत, चिकटतात-सुटतात, चिकटतात-सुटतात, आणि तीच ती कट्-कट्. मॉडिफायर नेमकं हे चिकटणं कमी करतो म्हणून प्लेट्स गुळगुळीत सरकतात. फोर्डचा ट्रॅक्शन-लॉक हे याचं प्रसिद्ध उदाहरण, त्यात साधारण ४ औंस म्हणजे ११८ मिलीच्या आसपास मॉडिफायर जातो.

टॉर्सन किंवा हेलिकल प्रकारात प्लेट्स नसतात, सगळं काम गिअरचे दात आणि केसिंग यांच्यातल्या घर्षणावर चालतं. इथे मॉडिफायर टाकला तर ज्या घर्षणासाठी जादा पैसे मोजले तेच तुम्ही कमी करताय. कंपनीने सांगितलं नसेल तर टाकू नका.

तिसरा प्रकार व्हिस्कस. त्याच्या आत सिलिकॉनचं द्रव सीलबंद असतं, बाहेरचं गिअर ऑइल कितीही भारी भरलं तरी आतल्यापर्यंत ते पोचतच नाही. व्हिस्कस युनिट थकलं आणि एक चाक मोकळं फिरायला लागलं तर ऑइल बदलून ते परत येत नाही, त्यात वेळ घालवू नका.

आणि गाडीचं नाव एकच म्हणजे डिफ एकच असंही नाही. पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ घ्या, १.६ इंजिनच्या काही गाड्यांत व्हिस्कस एलएसडी, १९९४ पासून १.८ आल्यावर काहींमध्ये टॉर्सन, आणि कितीतरी गाड्या ओपन डिफच्याच. त्यातून सेकंडहँड घेतली असेल तर आधीच्या मालकाने काय बदललं देव जाणे. म्हणून दुसऱ्या कोणाच्या गाडीत काय भरलं ते बघून आपल्यात भरू नका.

घरी बघायचं असेल तर, रिअर व्हील ड्राइव्ह असेल तर, पुढच्या चाकांना अडसर लावा, मागची दोन्ही चाकं वर करून जॅक स्टँडवर नीट टेकवा, इंजिन बंद, गाडी न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, आणि एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलट दिशेला फिरलं तर बहुतेक ओपन, त्याच दिशेला फिरलं तर एलएसडीची शक्यता. बहुतेक म्हणतोय कारण टॉर्सनसुद्धा हाताने फिरवला तर ओपनसारखाच वागू शकतो, आणि झिजलेला क्लच एलएसडीपण. खात्री करायची तर व्हीआयएन (गाडीचा चासी) नंबरवरून पार्ट काय लागलाय ते काढा किंवा डिफच्या बॉडीवरचा टॅग बघा.

जीएल-४, जीएल-५ आणि ते आकडे

डिफमधले क्राउन (मोठा गिअर) आणि पिनियन (त्याला फिरवणारा छोटा गिअर) हायपॉइड असतात, म्हणजे पिनियन मधोमध न बसता थोडा खाली बसतो. पॅकार्डने १९२६ च्या सुमारास हे गाड्यांमध्ये आणलं, प्रोपेलर शाफ्ट खाली गेला आणि गाडीची उंची कमी करता आली. पण याची किंमत अशी की दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, प्रचंड दाबाखाली घासतपण जातात. साधं ऑइल त्या दाबात पिळून बाहेर जातं. म्हणून गंधक-फॉस्फरसचे ईपी (एक्स्ट्रीम प्रेशर) अॅडिटिव्ह लागतात जे दातांवर स्वतःचा थर तयार करतात, गिअर ऑइलला जो तो उग्र वास येतो तो यांचाच. जीएल हा गिअर ऑइलचा दर्जा, जीएल-५ मध्ये हे भरपूर असतात, जीएल-४ मध्ये कमी. हायपॉइड डिफमध्ये जीएल-४ भरलं तर सुरुवातीला काहीच कळत नाही, आणि कळतं तेव्हा दात ओरबाडलेले असतात.

उलटी चूकपण तितकीच होते, उरलेलं जीएल-५ मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये ओतायचं. सिंक्रोला (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) थोडी पकड लागते, जीएल-५ मध्ये ती कमी होऊन गिअर अडकत पडायला लागतो आणि काही ऑइल पितळेच्या सिंक्रोला खातातसुद्धा. ज्या गिअरबॉक्सला कंपनीनेच जीएल-५ सांगितलंय तो अपवाद.

आता व्हिस्कॉसिटी. गिअर ऑइलचा ९० हा इंजिन ऑइलच्या मोजपट्टीवर समजू नका, दोन्हीच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत, गिअरचं ९० हे जाडीला इंजिनच्या ४० किंवा ५० च्या आसपासच येतं. त्यामुळे ‘बापरे किती जाड’ म्हणून पातळ भरू नका आणि ‘स्पोर्ट्स कार आहे, जाडच बरं’ म्हणून ७५डब्ल्यू-८५ च्या जागी ७५डब्ल्यू-१४० पण भरू नका. जाड ऑइल थंडीत पिनियन बेअरिंगपर्यंत उशिरा पोचतं आणि ढवळण्यातच जादा उष्णता तयार होते. ट्रॅकवर गाडी नेत असाल, आफ्टरमार्केट एलएसडी बसवलाय, तर १४० योग्य असू शकतं, पण ते एलएसडी बनवणाऱ्याने सांगितलं म्हणून. त्या रेसवाल्या प्लेट्स थोडा आवाज करणारच, तो घालवायला मॉडिफायरवर मॉडिफायर ओतत बसलात तर लॉक होणंच बंद होईल.

हीच चूक रोडवरच्या गाड्यांत वेगळ्या तऱ्हेने होते. डब्यावर ‘एलएस’ लिहिलंय म्हणजे मॉडिफायर बहुतेक आतच मिसळलेला आहे, वर अजून बाटली टाकली तर डोस जास्त झाला. गाडी वळणातून बाहेर पडताना आतलं चाक उगाच फिरायला लागलं तर हे आठवा.

डिफला वेगळं ऑइल असतंच असं नाही

फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये डिफ गिअरबॉक्सच्या पोटातच असतो. होंडा सिव्हिक टाइप आर मधला हेलिकल एलएसडी गिअरबॉक्सच्याच ऑइलमध्ये पोहतो, तिथे ‘डिफ ऑइल’ म्हणून काही वेगळं शोधू नका. मॅन्युअल पोर्शे ९११ मध्येपण गिअरबॉक्स आणि डिफ एकाच घरात, पण पीडीके (पोर्शेचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आला की क्लचचं ऑइल वेगळं आणि गिअरचं वेगळं, प्लगपण वेगळे. चुकीचा प्लग उघडला की काम वाढलंच. आणि हॅलडेक्स कपलिंग (गरज पडली की मागच्या चाकांना जोर देणारा क्लच) असलेल्या गाडीत कपलिंगचं द्रव एक आणि मागच्या डिफचं दुसरं, शेजारी शेजारी असले तरी एकातलं दुसऱ्यात जाता कामा नये.

बदलताना

आधी वरचं भरायचं बूच उघडा, मगच खालचं. हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच आहे, कारण ऑइल काढून टाकलं आणि वरचं बूच गंजून सुटेना झालं तर गाडी जागेवरच अडकली. ऑइल कोमट असताना काढा, गाळपण निघतो. लेव्हल बघताना गाडी चारी बाजूंनी समतल हवी, नुसतं मागून उचलून भरलं तर लेव्हल चुकते. बहुतेक डिफमध्ये भोकाच्या खालच्या काठापर्यंत ऑइल आलं की पुरे, पण काहींमध्ये काठाच्या थोडं खाली सांगितलेलं असतं. जास्त भरलं तर फेस होतो आणि ब्रीदरमधून (डिफला हवा सोडणाऱ्या छोट्या नळीतून) किंवा सीलमधून बाहेर येतं.

खालच्या बुचाच्या लोहचुंबकावर बोट फिरवून बघा. करडी, लोण्यासारखी मऊ पेस्ट म्हणजे नेहमीची झीज. बोटाला टोचणारे तुकडे, चकत्या किंवा दाताचा कोपरा मिळाला तर नवीन ऑइल भरून काही होणार नाही, कव्हर उघडावं लागेल. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, गाडी पाण्यातून गेली होती का आठवा आणि ब्रीदर तपासा. हा ब्रीदर फार दुर्लक्षित आहे, तो चिखलाने बुजला की गरम झाल्यावर आतला दाब सीलमधून वाट काढतो, मग लोक सील बदलतात आणि महिन्याने परत गळती.

आवाजाचं बोलायचं तर फक्त हळू वळताना कट्-कट् आली तर मॉडिफायरकडे बघा. सरळ रस्त्यावर घूंऽऽ असा आवाज येतोय आणि तो अॅक्सिलरेटर दाबला-सोडला की बदलतोय तर ते दात किंवा पिनियन बेअरिंग, तिथे जाड ऑइल भरून आवाज दबला तरी झीज चालूच राहते. क्राउन-पिनियन नवीन बसवले असतील तर पहिलं ऑइल लवकर, साधारण ८०० किलोमीटरला काढा, सुरुवातीची धातूची पूड त्यात असते.

वॉशर नवीन लावा, बूच टॉर्क रेंचने मॅन्युअलच्या आकड्यावर कसा, दुसऱ्या दिवशी खाली वाकून बुचाभोवती ओल आलीय का बघा. आणि डब्याचं पूर्ण नाव, ग्रेड, जीएल नंबर, मॉडिफायर किती टाकला की टाकलाच नाही, किलोमीटर किती झाले, हे सगळं लिहून गाडीच्या पुस्तकात ठेवा. मित्राच्या बिलावर एवढी एक ओळ असती तर तो पंधरा दिवस डिफ गेला या भीतीत फिरला नसता.