न्याय सुकर करणाऱ्यांसाठी पुरस्कार कसा सुरू करावा

तालुक्याच्या वकील संघाला किंवा एखाद्या सामाजिक संस्थेला असा पुरस्कार द्यायचा असेल, तर त्यासाठी ९ नोव्हेंबर हा दिवस निवडावा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ हा १९९५ साली याच तारखेला अंमलात आला आणि हा दिवस राष्ट्रीय विधी सेवा दिन म्हणून पाळला जातो.

सर्वाधिक वेळ निकष ठरवण्यासाठी द्यावा. गाजलेले खटले जिंकणाऱ्यांचे सत्कार होतच असतात. हा मान पक्षकाराची पायपीट कमी करणाऱ्याला मिळायला हवा. पोटगीच्या अर्जासाठी एसटीने आलेल्या बाईला पुढची तारीख चिठ्ठीवर ठळक अक्षरांत लिहून देणारा लिपिक, समन्सचा अर्थ उंबऱ्यात उभे राहून समजावणारा बेलिफ, याच अधिनियमाच्या कलम १२ नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो हे पाड्यापाड्यावर सांगणारी विधी स्वयंसेविका, अशांची नावे सहसा कोणी सुचवत नाही. म्हणून समितीने न्यायालयाच्या व्हरांड्यात बसून पक्षकारांनाच विचारावे.

निकाली प्रकरणांच्या आकड्यावर विसंबू नये. लोकअदालतीच्या निवाड्याविरुद्ध अपील नसते, त्यामुळे तडजोड खरोखर स्वखुशीने झाली होती का, याची दोन्ही बाजूंकडे चौकशी करणे मला अत्यावश्यक वाटते.

ज्यांच्यासमोर आपले दावे चालतात, त्या कार्यरत न्यायाधीशांची निवड वकील संघाने टाळावी. शासकीय कर्मचाऱ्यासाठी वरिष्ठांची पूर्वपरवानगी घ्यावी. मानपत्रात नेमके काम लिहावे, मात्र पीडितांची ओळख कोठेही उघड करू नये.