चर्चमध्ये मत वेगळं असलं तर बोलायचं कसं

पॅरिशच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळीच्या मीटिंगमध्ये मी एकदा एका मावशींना सगळ्यांसमोर म्हटलं, "ही अंधश्रद्धा आहे." विषय काय, तर गणपतीत शेजाऱ्यांकडचा प्रसाद खायचा की नाही, मावशी नको म्हणत होत्या. त्या नंतर मीटिंगला यायच्याच बंद झाल्या, मग माझा मुद्दा बरोबर असून तरी काय उपयोग? आमच्या वसईत चर्चमधली माणसं एकाच वाडीत राहतात, शब्द लागला की वर्षानुवर्षं राहतो.

तर तोंड उघडायच्या आधी बघा, विषय श्रद्धेचा आहे, रीतीचा आहे की नुसत्या आवडीचा. येशूचं पुनरुत्थान ही श्रद्धा. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, कुठल्या भाषेत ही रीत, कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या (१९६२ ते १९६५) आधी ती लॅटिनमध्ये व्हायची, आज मराठीत होते. आणि लग्नात पारंपरिक गाणी की डीजे, ही आवड. बहुतेक भांडणं रीतीची नि आवडीचीच असतात, पण आपण भांडतो असं की जणू धर्मच बुडाला.

प्रसादासारख्या प्रश्नावर बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथकरांना पहिल्याच पत्रात (अध्याय ८) लिहिलंय, मूर्ती म्हणजे काही नाही हे आपल्याला माहीत आहे, पण माझ्या खाण्याने भाऊ अडखळत असेल तर मी खाणार नाही. म्हणजे ज्ञान आहे म्हणून समोरच्याला दाबायचं नाही. मी मावशींना असं म्हणायला हवं होतं: "मावशी, तुमच्या मनाला पटत नाही ते कळतं मला. मी घेतो कारण शेजारी मायेने देतात. तुमच्यासमोर नाही खाणार, फक्त घेणाऱ्यांना वाईट समजू नका."

सगळ्यात अवघड जागा म्हणजे मयताचं घर. मुलगा म्हणतो दहन करू, मामा म्हणतो आपल्यात पुरतातच. माहिती हवी म्हणून सांगतो, चर्चने १९६३ पासून दहनाला परवानगी दिलीय, दफनच जास्त पसंत केलंय, आणि २०१६ मध्ये स्पष्ट केलं की अस्थी पवित्र जागीच ठेवायच्या, विखरायच्या नाहीत. पण ही माहिती मामाच्या तोंडावर फेकू नका हो. आधी म्हणा, "मामा, तुम्हाला ताईला मातीच द्यायचीय ना, मग फादरना दोघं मिळून विचारू या."

काही शब्द मात्र तोंडात आणूच नका. "बाटलेले", "खरा ख्रिस्ती असतास तर", "तुम्हा लोकांचं असंच असतं". पहिला शब्द तर आपल्या वाडवडिलांनाच लागतो. "बायबलमध्ये असंच आहे" असं म्हणण्यापेक्षा "मला या ओळीतून असं समजलं, तुम्ही कसं वाचता?" असं विचारलं की समोरचा बोलायला लागतो. आणि मग खरंच ऐका, मध्येच तोडू नका.

निवडणुकीत ग्रुपवर कोणी भडक फॉरवर्ड टाकला तर तिथेच उत्तर देऊ नका, फोन करा. येशूने मत्तयच्या १८व्या अध्यायात हेच सांगितलंय, भावाची चूक त्याला एकट्याला गाठून दाखव. फादरांचं प्रवचन खटकलं तरी मिस्सा सुटल्यावर लगेच दारात धरू नका, तिथे शंभर माणसं असतात. संध्याकाळी जा, "फादर, पाच मिनिटं देणार का, ते वाक्य मला टोचलं" म्हणा, आणि कुठलं वाक्य ते नेमकं सांगा.

मोठ्याने वाद झाला तर घाबरू नका, यरुशलेममध्ये प्रेषितांचाही झाला होता. सुंता न केलेल्यांना मंडळीत घ्यायचं की नाही यावर, प्रेषितांची कृत्ये १५ वाचा. पुष्कळ वादविवाद झाला, मग पेत्र उठून बोलला आणि सगळी सभा गप्प राहून ऐकत बसली.

आणि माफी मागायची वेळ आली तर "माफ करा, पण" म्हणू नका, पण आला की माफी गेली. मावशींच्या घरी मी गेलो तेव्हा "चुकलं माझं, सगळ्यांसमोर तुम्हाला बोललो" एवढंच म्हटलं, प्रसादाचा विषय काढलाच नाही.