डार्ट बेडकांच्या पेटीची मागची भिंत: काथ्याऐवजी कॉर्क

न्यू जर्सीतल्या घरी डार्ट बेडकांच्या (हे छोटे, भडक रंगांचे बेडूक) काचपेटीत मागे काथ्याचं तयार पॅनेल होतं. सततच्या ओलीने ते फुगून काचेपासून सुटलं, आणि बेडूक त्या फटीत शिरायला लागले. तिथे अडकलेला बेडूक दिसतही नाही, याचीच धास्ती.

पॅनेल काढून कॉर्क ओकची, म्हणजे बाटलीची बुचं ज्याच्या सालीची करतात त्या झाडाची, साल लावली. ती ओलीत सहसा कुजत नाही. शिवाय झाड न तोडता साधारण दर ९ वर्षांनी सोलतात, म्हणून मला जास्त पटते. बुरशीनाशक नसलेल्या सिलिकॉनने चिकटवली आणि व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत बेडूक दुसऱ्या पेटीत ठेवले. सालीच्या तुकड्यांमधे लांब धाग्यांचं ओलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) बोटाने गच्च दाबलं. फायकस प्युमिलाचा वेल खालून लावा, खडबडीत सालीवर तो आपोआप चढतो.