प्रभूच्या मेजापासून सुरुवात : वंशभेदावर शास्त्राभ्यास कसा घ्यावा

ख्रिस्ती मंडळीत वंशभेदावर शास्त्राभ्यास, म्हणजे बायबलचा अभ्यास, घ्यायचा ठरला की बहुतेक पुढारी गलतीकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातील अठ्ठाविसावे वचन उघडतात. ख्रिस्ताच्या ठायी यहूदी व हेल्लेणी (ग्रीक) असा भेद उरत नाही, हे वाचून सगळ्यांच्या माना डोलतात, प्रार्थना होते आणि जो तो जसा आला तसाच घरी जातो. ज्या वचनाला कोणी नाही म्हणणारच नाही, त्याने अभ्यासाची सुरुवात करू नये, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे. एक अध्याय मागे जावे आणि अंत्युखियातल्या जेवणाच्या पंगतीपासून सुरुवात करावी.

चार बैठकी पुरतात, प्रत्येक सव्वा तासाची. आठ-दहा जणांहून अधिक लोक असू नयेत. खुर्च्या गोलाकार मांडाव्यात, म्हणजे रोजची पुढची रांग आणि मागची रांग आपोआप मोडते. उतारा दोनदा वाचून घ्यावा, आणि एरवी ज्याला कोणी वाचायला सांगत नाही त्याला दुसरे वाचन द्यावे.

पहिल्या बैठकीत गलतीकरांस पत्र 2:11-14 घ्यावे. प्रेषित पेत्र अंत्युखिया शहरात परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्यांबरोबर, जेवत असे. यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही माणसे आल्यावर तो माघार घेऊन निराळा बसू लागला, आणि पौलाचा सोबती बर्णबासुद्धा त्यात ओढला गेला. पेत्राच्या मनात काय होते, हा प्रश्न विचारू नये, कारण त्यावर तासभर चर्चा होते आणि हाती काही लागत नाही. पेत्राने केले काय, एवढेच विचारावे. त्याने मत बदलले नव्हते, शिकवण बदलली नव्हती. फक्त जेवायला बसण्याची जागा बदलली होती, आणि तेवढ्याच कारणावरून पौलाने त्याला सर्वांसमक्ष सांगितले की हे वागणे सुवार्तेच्या सत्याला धरून नाही. हा मुद्दा गटाच्या नीट ध्यानात आल्याखेरीज पुढे जाऊ नये.

दुसरी बैठक सर्वांत महत्त्वाची आहे. तिच्यात दक्षिण आफ्रिकेतील डच रिफॉर्म्ड चर्चचा इतिहास सांगावा, कारण भेद मंडळीत कोणत्या पावलांनी शिरतो हे त्यात स्पष्ट दिसते. 1829 साली केप प्रांतातल्या सिनॉडने, म्हणजे त्या चर्चच्या प्रतिनिधी सभेने, ठरवले होते की प्रभुभोजन (भाकरी व द्राक्षारसाचा विधी) वर्ण किंवा वंश न पाहता सर्व सभासदांना एकत्रच दिले जावे. अठ्ठावीस वर्षांनी, 1857 मध्ये, त्याच सिनॉडने मान्य केले की परधर्मातून आलेल्या सभासदांना चालू मंडळ्यांतच सामावून घेणे इष्ट आणि शास्त्रसंमत आहे. पण त्यापुढे अशी मुभा जोडली की काहींच्या दुर्बलतेमुळे ते अडत असेल, तर त्या सभासदांची उपासना वेगळ्या इमारतीत व्हावी. 1881 मध्ये मिश्रवर्णीयांसाठी निराळे मिशन चर्च स्थापन झाले, आणि पुढे कृष्णवर्णीयांसाठी व भारतीय वंशाच्या विश्वासणाऱ्यांसाठीही निराळी चर्चेस निघाली. ज्याला आधी सवलत म्हटले तो रिवाज झाला, रिवाजाचा नियम झाला, आणि 1948 नंतर सरकारने वर्णभेदाचे कायदे केले तेव्हा त्यांना शास्त्राधार देणारे लोक तयारच होते.

येथे ‘दुर्बलता’ या शब्दावर थांबावे आणि रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय उघडावा. पौलही दुर्बलांना सांभाळायला सांगतो, पण तेथे सबळाने स्वतःच्या ताटातला पदार्थ सोडायचा असतो. दुर्बलासाठी तिसऱ्या माणसाला ताटावरून उठवायचे नसते. शिवाय तो युक्तिवाद पंधराव्या अध्यायात एकमेकांचा स्वीकार करा या आज्ञेपाशी पोहोचतो. मंडळीत ‘लोक काय म्हणतील’, ‘वडीलधाऱ्यांना रुचणार नाही’ असे शब्द कानावर येतील, तेव्हा गटाला 1857 ची आठवण झाली पाहिजे.

तिसऱ्या बैठकीत भेदासाठी वापरली गेलेली वचने तपासावीत. उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात शाप नोहाचा मुलगा हाम याला नव्हे, हामाचा मुलगा कनान याला आहे, आणि कातडीच्या रंगाचा तेथे उल्लेखसुद्धा नाही, हे प्रत्येकाने स्वतःच्या डोळ्यांनी वाचावे. प्रेषितांची कृत्ये 17:26 अधिक अवघड आहे, कारण देवाने एकापासून सर्व राष्ट्रे निर्माण केली असे म्हणून तेच वचन त्यांच्या वस्तीच्या सीमांविषयीही बोलते. डच रिफॉर्म्ड चर्चच्या 1974 च्या अहवालाने ‘स्वतंत्र विकासा’च्या, म्हणजे वंशावंशांना वेगळे ठेवण्याच्या धोरणाच्या, समर्थनासाठी या वचनाचा आधार घेतला होता. पुढचे सत्ताविसावे वचन वाचले की हेतू कळतो : त्यांनी देवाचा शोध करावा. वचन अर्धे सोडले की ते हवे तिकडे वळवता येते.

चौथ्या बैठकीत आपल्या घरी यावे. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय वाचावा, ज्यात सोन्याची अंगठी घातलेल्याला मानाची जागा मिळते आणि गरिबाला पायाशी बसवतात. एका घरी अभ्यास संपल्यावर चहा आला, तेव्हा सगळ्यांच्या हाती कपबशी होती आणि आमच्यातल्या एकाच भावाच्या हाती स्टीलचा पेला होता. त्याने तो काही न बोलता घेतला, आणि मीही काही बोललो नाही. ती माझी चूक होती. आपल्याकडे जात आहे, पुण्यात शिकायला येणाऱ्या आफ्रिकी विद्यार्थ्याला घर नाकारणारे आहेत, आणि आपल्या मुलांच्या लग्नाच्या वेळी पूर्वाश्रमीची जात विचारणारे ख्रिस्ती आईबापही आहेत. मात्र ज्याने हे सोसले त्याला साक्ष द्यायला भाग पाडू नये. त्याला बोलायचे असेल तर ऐकावे. एरवी बोलण्याचा भार इतरांनी उचलावा.

पापकबुली मोघम होऊ देऊ नये. दक्षिण आफ्रिकेतल्या मिश्रवर्णीयांच्या त्या मिशन चर्चने 1982 मध्ये बेलहार येथे जो विश्वासाचा जाहीरनामा मांडला आणि 1986 मध्ये स्वीकारला, त्यात ऐक्य, समेट आणि न्याय यांबद्दल काय मानतो हे जसे लिहिले, तसे काय नाकारतो हेही लिहिले. 1990 मध्ये तिथल्याच रुस्टेनबर्ग येथे भरलेल्या चर्चेसच्या परिषदेत स्टेलनबॉशचे प्राध्यापक विली योंकर यांनी वर्णभेदाच्या अन्यायातला स्वतःचा वाटा कबूल करून आपल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या वतीनेही क्षमा मागितली, आणि कृष्णवर्णीय आर्चबिशप डेझमंड टूटू यांनी ती कबुली स्वीकारली. गटातील प्रत्येकाने एकच गोष्ट, स्वतःच्या घरातली, एका वाक्यात लिहावी, आणि ती कोणासमोर वाचायची हे त्याचे त्याने ठरवावे.

ही शेवटची बैठक प्रभुभोजनाच्या रविवारआधीच्या आठवड्यात ठेवावी. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो की अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करावा, आणि त्यासाठी वेळ लागतो. म्हणून बैठक शनिवारी न घेता बुधवारी घ्यावी, म्हणजे ज्याला कोणाच्या घरी जायचे आहे त्याच्या हाती तीन संध्याकाळी राहतात.