मन शांत करण्यासाठी ओरिगामी: कागदी पेल्यापासून सुरुवात

डोक्यात विचारांची गर्दी असताना ‘शांत हो’ असे स्वतःला कितीही बजावले तरी मन ऐकत नाही. त्याला धरायला काहीतरी लागते. ओरिगामीत, म्हणजे कागदाला घड्या घालून वस्तू बनवण्याच्या कलेत, कागदाची कड ते काम करते. कोपऱ्यावर कोपरा जुळवताना नजर आणि दोन्ही हात एकाच जागी येतात. चूक झालीच तर तिथल्या तिथे दिसते. सुरुवातीला अवघड पक्षी मुळीच घेऊ नका. घड्या चुकत गेल्या की चिडचिड वाढते आणि सगळा हेतूच बाजूला पडतो.

छपाईचा ७०-८० जीएसएमचा (एका चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन) साधा कागद १५ सेंटिमीटर चौरस कापा. मोबाइल दूर ठेवा आणि टेबलावर बसा; हवेत धरलेली घडी हमखास सरकते.

१. कागद कर्णात दुमडून त्रिकोण करा. दोन्ही टोके नेमकी जुळली की बोटाने घट्ट धरा, मग मधून बाहेरच्या दिशेने नखाने घडी दाबा. इथे घाई नको. या घडीत २ मिलिमीटर चुकले, तर पेल्याचा काठ शेवटी तिरका येतो.

२. लांब कड खाली ठेवा. वरच्या टोकाचा फक्त पुढचा थर उचलून त्याची उजवी तिरकी कड तळाच्या कडेवर आणा. ही घडी डाव्या कडेला जिथे मिळते तिथे खूण करून उलगडा.

३. उजवा कोपरा त्या खुणेवर ठेवा. त्याची वरची कड तळाशी समांतर दिसली, तरच दाबा.

४. कागद उलटा करा. उरलेला कोपरा समोर तयार झालेल्या कोपऱ्याला टेकवा.

५. वरच्या दोन पाकळ्यांपैकी पुढची पुढच्या खिशात खोचा, मागची मागे. तोंड उघडा.

प्रत्येक घडीआधी श्वास सावकाश सोडा. श्वास रोखला की बोटे ताठरतात. लागोपाठ तीन पेले करा. तिसरा कृती न पाहता जमू लागतो, आणि खरा विसावा तिथेच मिळतो. बोटे दुखत असतील तर २० सेंटिमीटरचा कागद घ्या आणि घडी चमच्याच्या पाठीने दाबा. झोपच लागत नसेल किंवा घाबरेपणा दिवसेंदिवस टिकत असेल, तर घड्यांवर विसंबू नका, डॉक्टरांना दाखवा.