टेबल सॉची फेन्स सरळ बसवताना

इंदूरच्या सियागंजातून टेबल सॉ (टेबलातून पातं वर आलेली विजेची करवत) आणला की पहिला लाकडाचा तुकडा चिरण्याआधी फेन्स, म्हणजे लाकूड जिला टेकवून पुढे सरकवायचं ती पात्याशेजारची आधाराची कड, तपासा, कारखान्यातून नीट लावून आलीय असं धरून चालू नका. आधी प्लग काढा.

टेबलावर जी मायटर गेजची (कोनात कापण्यासाठीच्या सरकत्या मापकाची) खाच असते, ती आपली मूळ रेघ. पात्याच्या एका दातावर मार्करने खूण करा, तो दात पुढे आणून खाचेपासूनचं अंतर घ्या, मग पातं फिरवून तोच दात मागे नेऊन पुन्हा घ्या. दात बदलला तर मापाला अर्थ नाही. फरक आला तर आधी पातं खाचेला समांतर करा. फेन्सला हात नंतर.

मग फेन्स खाचेला समांतर लावा. मागचं टोक पात्यापासून ०.१ मि.मी. लांब राहिलं तरी हरकत नाही, पण पात्याकडे झुकलेलं अजिबात नको: लाकूड अडकतं आणि थेट अंगावर फेकलं जातं. बोल्ट आवळल्यावर फेन्स हमखास हलते, तेव्हा पुन्हा मोजा. गुण्या लावून ती उभी काटकोनात आहे ना, तेही बघा.

फेन्सच्या मापपट्टीचा काटा शेवटी, एक रद्दी तुकडा कापून त्याच्या मापावर बसवा.